सात दिवसांचं दूध

"एवढुसं तर निघतंय. ह्याहून जास्त डोळ्यांतून येतं माझ्या."

पडद्यामागून कुरकुर आली आणि तिच्यापाठोपाठ पंपाची घरघर पुन्हा सुरू झाली. पडद्याच्या अलीकडे मावशी बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती. तिचा हात थांबला नाही. असली वाक्यं ऐकण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. इथे बसणाऱ्या बायका दुधाआधी तक्रारच गाळतात, असं ती नव्या नर्सेसना सांगायची. कुणी पंपाला बोल लावायची, कुणी नवऱ्याला, कुणी सासूला. एकीने तर मावशीलाच "तुम्ही गोठ्यात नोकरी बघा" असं ऐकवलं होतं आणि महिन्याभराने बाळ घरी नेताना तिच्याच गळ्यात पडून तिचा ॲप्रन भिजवला होता. मावशीचं सगळ्यांना एकच उत्तर असायचं, "तोंड चालू दे, पंपही चालू दे." खोलीबाहेर 'दूधपेढी' अशी पाटी होती आणि शेजारच्या दाराआड, दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं काचेच्या पेट्यांत झोपलेली असायची. त्यांच्या आया इथे येऊन दूध काढायच्या. जिचं उरायचं ती ते पेढीला द्यायची, जिला कमी पडायचं तिच्या बाळाला ते जायचं, आणि ह्या दोघींच्या मधे मावशी. ते दूध साडेबासष्ट अंशांवर बरोबर अर्धा तास ठेवायचं, मग थंड करायचं, मग गोठवायचं. अंशभर इकडे नाही की तिकडे नाही, म्हणून तरुण डॉक्टरीण पाठीमागे तिला 'साडेबासष्ट' म्हणायची. मावशीला ते ठाऊक होतं. मनातून आवडायचंही.

दार लोटून एक वयस्क बाई आत आली. पडद्यामागच्या, अकरा नंबरच्या खाटेवरल्या बाळंतिणीची ती आई. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग मावशीच्या अगदी जवळ येऊन आवाज खाली आणला.

"एक विचारू का हो? दूध आटायची गोळी असते म्हणे. इथे मिळते, की बाहेरून आणावी लागते?"

"कुणाला हवीय?"

"पोरीला, आणखी कुणाला. आज आठवा दिवस. डॉक्टर म्हणतात, मेंदूत रक्तस्राव झालाय, बघू. बघू म्हणजे काय ते आपल्याला कळतं हो. उगाच दर तीन तासांनी बसायचं, जीव लावून घ्यायचा आणि..." तिने वाक्य तिथेच सोडून दिलं. मग, कुणी आरोप केल्यासारखी म्हणाली, "आणि मी कशाला विचारतेय? तिनेच पाठवलंय मला. स्वतः विचारायला तिची जीभ रेटत नाही."

मावशीने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. चिठ्ठी वाकडी लागली होती. एकोणीस वर्षांत तिच्या हातून चिठ्ठी वाकडी लागली नव्हती. "डॉक्टरांना विचारावं लागेल," ती म्हणाली, आणि तो आवाज तिला आपला वाटला नाही, कुणीतरी आपल्या तोंडाजवळ उभं राहून बोलल्यासारखा वाटला. बाई मान हलवून गेली. मावशीने चिठ्ठी सोलायला घेतली तर ती अर्धी फाटून अर्धी बाटलीवरच राहिली.

ॲप्रनच्या खिशात चार घड्या घातलेला कागद होता. सकाळपासून तिसऱ्यांदा तिचा हात तिथे गेला. डॉक्टरणीने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथल्या काचपेट्यांत राहून गेलेल्या बाळांचा शोध घेतला होता. आता ती बाळं नोकऱ्या करत होती, काहींना टक्कल पडलं होतं. त्यांना बोलावून त्यांच्या मेंदूंचे फोटो काढायचे आणि सोबत प्रश्नांचा कागद भरून घ्यायचा. आईच्या गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूतल्या तारा एकमेकींना जोडल्या जातात, डॉक्टरीण समजावून सांगायची, ह्या बाळांना ते काम बाहेर, उजेडात, यंत्रांच्या टुकटुकीत करावं लागतं. आईचं दूध मिळालं तर ते जास्त नीट होताना दिसतं. 'दिसतं' ह्या शब्दावर ती जोर द्यायची. मावशीने तिला एकदा, दुसऱ्याच कुणाबद्दल विचारावं तसं विचारलं होतं, "म्हणजे ज्याला मिळालं नाही त्याचं वाकडंच होतं का?" डॉक्टरीण हसली होती. "आम्ही शेकड्यात बोलतो, मावशी. एकेकट्याबद्दल आम्हाला काही कळत नाही." ह्या उत्तराने मावशीला त्या दिवशी झोपही लागली आणि मधेच जागही आली. त्या जुन्या बाळांत मावशीची मुलगी होती. आज चार वाजता ती यायची होती, आणि कागद दोघींनी मिळून भरायचा होता. पहिले आठ प्रश्न सोपे होते. नववा होता, बाळाला आईचं दूध मिळालं का. किती दिवस. बंद झालं असल्यास कारण.

सव्वीस वर्षं ह्या प्रश्नाचं उत्तर घरात ठरलेलं होतं. दूध आलंच नाही. मुलीच्या पहिल्या तपासणीला, शाळेत घालताना, डाव्या पायाच्या बुटाचं माप देताना, सगळीकडे तेच. नवरा सांगायचा, आई सांगायची, मावशी मान डोलवायची. इतक्या वेळा सांगितल्यावर त्या वाक्याला घरातल्या पाटासारखी गुळगुळीत बैठक आली होती, त्यावर कुणीही बसावं.

पाणी तापायला लावून ती यंत्रासमोर उभी राहिली. काटा चढत होता. अठ्ठावन्न, एकोणसाठ. घड्याळाच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या तिला नेहमी अशाच, काट्याकडे बघताना आठवायच्या. खाली नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. भिंतीवर तीस-पस्तीस घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी, आणि सगळ्यांची टिकटिक जमिनीतून वर यायची, ऊन तापल्यावर फरशी तापावी तशी. लग्नानंतर पहिले काही दिवस तिला वाटायचं, आपण कुणाच्या तरी छातीवर राहतोय. मुलगी अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाली, नऊशे ग्रॅमची. नवरा बघून आला आणि म्हणाला, "छटाकभर आहे गं." नाव ठेवायचं राहून गेलं आणि छटाक हेच नाव पडलं. पुढे शाळेत दुसरं नाव घातलं, पण त्या नावाने हाक मारली तर ती स्वतःही वळून पाहायची नाही. मावशीला तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं, मुलगी काचपेटीत राहिली. नर्सने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दर तीन तासांनी हाताने काढा, चमचाभर निघालं तरी पाठवा. नवऱ्याने दुकानातलं एक गजराचं घड्याळ वर आणून ठेवलं, निळ्या तबकडीचं, गिऱ्हाईक न्यायलाच आलं नव्हतं ते. ते वाजलं की तो खालून ओरडायचा, "दूधवाला आला गं!" आणि मावशीची आई, जी लेकीच्या बाळंतपणाला म्हणून आली होती ती, तोंडाला पदर लावून हसायची. जावई असं बोलतो म्हणून लाजायची आणि पुन्हा हसायची.

कुप्या त्याच्याच. घड्याळाचं तेल ज्यांतून येतं तसल्या बोटभर उंचीच्या काचेच्या कुप्या, व्यापाऱ्याकडून कोऱ्या आणलेल्या. तो त्या पातेल्यात उकळायचा, फडक्यावर पालथ्या घालायचा, डोळ्याला भिंग लावून आत काही राहिलंय का बघायचा. मावशी म्हणायची, "दूध आहे ते, काटा नाही बसवायचाय." तो ऐकायचा नाही. प्रत्येक कुपीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर वेळ, अगदी मिनिटांसकट. मग थर्मासात बर्फ, बर्फात कुप्या, आणि सायकल. पहिल्या दिवशी नर्सने विचारलं होतं, "अत्तर आणलंत का?" हे तो घरी येऊन रंगवून सांगायचा. तो रोज काहीतरी घेऊन यायचा, आज तिने जांभई दिली, आज तिने माझ्या बोटावर मूठ वळली, मूठ म्हणजे काय, माझ्या चिमट्यात मावेल एवढी. आई खिडकीशी बसून, धुऊन धुऊन मऊ झालेल्या परकराचं टोपडं शिवायची. संत्र्यावर घालून माप बघायची. आणि मावशी, तेव्हा चोवीस वर्षांची, उशीला टेकून बसलेली, पुढे कुपी धरलेली, थेंब काचेवरून ओघळताना बघायची. तिला त्या सात दिवसांत सुखी असल्यासारखं वाटलं होतं. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. मूल मरणाच्या दारात, आणि तिला मात्र वाटायचं, सगळं घर एका कामाला लागलंय, खालून टिकटिक येतेय, वरून थेंब पडतायत, आणि ह्यातून काहीतरी बनतंय, दूर कुठेतरी, छटाकभर डोक्याच्या आत.

काटा साडेबासष्टावर आला. तिने वेळ लिहून ठेवली.

आणि मग आठवा दिवस. ह्या दिवसाची आठवण तिने इतक्या वेळा नीटनेटकी करून ठेवली होती की ती उघडली की घडीच्या रेषांसकट उघडायची. नवरा सकाळी जाऊन आला. त्याने जांभई सांगितली नाही, मूठ सांगितली नाही. मेंदूत रक्तस्राव झालाय, डॉक्टर म्हणाले बघू. मग आईने गोळ्या आणल्या. आईने पाण्याचा पेला पुढे केला. आईने छाती घट्ट बांधली. दुपारी नवरा उकळलेल्या कुप्या घेऊन वर आला तेव्हा आईच म्हणाली, "आजपासून नकोत." त्याने एकेक कुपी उचलून पुन्हा डब्यात ठेवली, हळू, एकमेकींना लागणार नाहीत अशी. थर्मास घेऊन जायची सवय मात्र त्याने सोडली नाही. रिकामा थर्मास घेऊन तो अकरा दिवस गेला. अकराव्या दिवशी बाळाची एक नळी काढली, बाळाने तोंड उघडून चुटचुट केली, आणि नर्सने विचारलं, "आईचं दूध आणलंत?" तो थर्मास पाठीमागे लपवून म्हणाला, "तिला येतच नाही हो." हेही त्यानेच घरी येऊन सांगितलं, आणि त्यानंतर घरात कुणीच दुसरं काही म्हणालं नाही. त्या एका वाक्याने त्याने तिला झाकलं होतं, पावसात कुणी आपली छत्री दुसऱ्यावर धरावी तसं. छत्री तशीच राहिली. तो चार वर्षांपूर्वी गेला, आई त्याच्याही आधी, आणि छत्री धरणारं कुणी नसताना मावशी अजून तिच्याखाली उभी होती.

पण आज ती घडी नीट उघडत नव्हती. 'तिनेच पाठवलंय मला,' ती बाई म्हणाली होती. आईने गोळ्या आणल्या, हे खरं. मावशीने अर्ध्या तासाची खूण बघितली, बाटल्या थंड पाण्यात सोडल्या, आणि सोडता सोडता तिला आईचा हात आठवला, तिच्या केसांतला. आई वेणी घालत होती. बाराचा गजर झाला, निळं घड्याळ थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकायला लागलं आणि मावशीने ते हाताने दाबून बंद केलं. दुकानातून 'दूधवाला आला' अशी हाक आली नाही. मग ती आईकडे पाठ करून, आरसा नव्हता म्हणून बरं, म्हणाली होती, "आई, हे बंद व्हायचं काहीतरी असतं ना गं? तू विचारून ये. मला नाही विचारवत." आईचा कंगवा थांबला. आई उठली. पायांत चपला घालून निघाली होती, अर्धी वेणी तशीच सोडून.

अर्धी वेणी. सव्वीस वर्षांत ही अर्धी वेणी तिला कशी आठवली नव्हती, किंवा आठवत होती आणि ती तिला आठवण म्हणत नव्हती.

हात पुसून ती पडद्यामागे गेली. अकरा नंबर पंप बंद करून बसली होती. बाटलीच्या तळाशी पिवळसर रेघ. पोरगी विशीतली असेल, गाऊनची गुंडी चुकीच्या काजात लावलेली.

"किती झालं?" मावशीने विचारलं.

"सात मिली. हसा आता."

"हसू कशाला? तुझी लेक एका वेळेला दोन घेते. म्हणजे तीन जेवणं झाली, वर मुखवास."

पोरगी हसली नाही, पण तिने बाटली उजेडाकडे धरली, पुन्हा एकदा मापाची रेघ बघायला. "मेंदूतलं रक्त दुधाने बरं होतं का, मावशी? खरं सांगा."

"नाही. दुधाने रक्त पुसलं जात नाही. पुढची जी बांधणी व्हायची असते, तिला दूध उपयोगी पडतं म्हणतात. किती पडेल, ते डॉक्टरही सांगत नाहीत, मी कोण?"

"आणि पुढचं काही नसेलच तर?"

मावशीला ह्यावर पुष्कळ बोलता आलं असतं. भिंतीवर तसल्या वाक्यांची रंगीत चित्रं लावलेली होती. ती स्टुलावर बसली, पोरीची गुंडी काढून बरोबर काजात घातली. "आठवा दिवस फार वाईट असतो," ती म्हणाली. "आज काही ठरवू नकोस. सहाला ये, पुन्हा काढ. गोळी काय, उद्याही मिळते. आलेलं दूध उद्या मिळेलच असं नाही. आणि हे बघ, काय विचारायचं ते स्वतः विचार. आईला पाठवू नकोस. त्या बिचाऱ्या जन्मभर ते आपल्याच अंगावर घेऊन बसतात."

पोरीने तिच्याकडे पाहिलं. काय कळलं कोण जाणे. चिठ्ठी मात्र तिने स्वतः लिहिली, खाट अकरा, वेळ, आणि सात ह्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

चार वाजता छटाक आली. ती येते ते आधी ऐकू येतं, एक पाऊल टेकल्याचं, एक ओढल्याचं. ती वाचनालयात फाटक्या पुस्तकांची शिलाई-बांधणी करायची. बोटांना खळीचा वास, चष्म्याच्या काडीला दोरा अडकलेला. बेरीज तिला आजही बोटांवर करावी लागते, पण कुठलं पुस्तक कुठल्या खणात, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. आणि तिच्या बोलण्यात मधे मधे एक मोकळी जागा असते. शब्द यायला वेळ लागतो. लहानपणापासून त्या जागेत कुणीतरी पटकन आपला शब्द टाकून द्यायचं, आजी, बाबा, शाळेतल्या बाई, आणि सगळ्यांत आधी मावशी. तिला मदत व्हावी म्हणून. किंवा त्या जागेत काय येईल, ते ऐकायला लागू नये म्हणून.

"तू वाचशील की मी?" मावशीने विचारलं.

"मी. तू... गडबड करतेस." ती स्टुलावर बसली, कागद गुडघ्यावर सपाट केला. "जन्माचं वजन. नऊशे. नऊशे म्हणजे किती... छटाक?"

"पंधरा-सोळा होतील."

"मग बाबांनी एकच का म्हटलं?"

"बाबांना मिनिटं मोजता यायची. वजनातलं त्यांना काय कळतंय!"

दोघी हसल्या. मग काचपेटीतले दिवस, चष्मा कधी लागला, चालायला कधी लागली. छटाक सुवाच्य, गोल अक्षरात लिहीत गेली. नवव्या प्रश्नाशी तिने तो मोठ्याने वाचलाही नाही. पेनाचं टोक सवयीने 'नाही'च्या चौकोनाकडे गेलं.

"थांब," मावशी म्हणाली. "'हो'वर खूण कर. सात दिवस."

पेन तसंच हवेत राहिलं. मोकळी जागा आली, आणि मावशीने दात घट्ट आवळून ती मोकळी राहू दिली. पलीकडे शीतपेटी गुरगुरत होती.

"मी... प्यायले होते?"

"नळीतून. थेंबाथेंबाने. बाबा सायकलवरून न्यायचे, त्या छोट्या कुप्यांतून."

"ज्यांत मी... सुया ठेवते?"

"त्याच."

छटाकने खाली बघून 'हो'वर खूण केली. सात लिहिलं. ती सात ह्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली, पुस्तकातलं हरवलेलं पान सापडल्यावर ती ते आधी हाताने सारखं करते आणि मगच बघते कुठलं आहे ते, तशी. मावशीच्या मनात आलं, आपण हिच्यापासून गोळ्या लपवल्या असं समजत होतो. त्यासोबत हे सात दिवसही लपले होते. तेही हिचेच होते.

"आजीने सांगितलं होतं मला," छटाक म्हणाली. "गोळ्यांचं. ती शेवटी... आजारी होती तेव्हा. माझ्यामुळे झालं म्हणाली. आईला बोलू नकोस म्हणाली. म्हणून मी... नाही बोलले."

"कधी हे?"

"नववीत होते."

अकरा-बारा वर्षं. त्या वर्षांतली सगळी जेवणं, दवाखाने, बसमधून शेजारी बसून केलेले प्रवास मावशीच्या डोळ्यांसमोरून गेले, आणि प्रत्येकात ही पोरगी शेजारी बसून गप्प होती, आईला लागू नये म्हणून. म्हणजे छत्री धरणारं कुणी नव्हतं असं नाही.

छटाकने पेन पुढच्या रेघेवर नेलं. "कारण. काय लिहू? आजीमुळे?"

हो म्हणणं किती सोपं होतं. आईने काही मनाला लावून घेतलं नसतं, तिने तर ते स्वतःच मागून घेतलं होतं. मावशीने तोंड उघडलं, आणि तिला अर्धी सुटलेली वेणी पाठीवर जाणवली, ओली, जड.

"आजीचं नाव नको घालू," ती म्हणाली. "आजीला मी पाठवलं होतं."

छटाकने का असं विचारलं नाही. ती नुसती थांबली. पेन कागदावर टेकवून, चष्म्यातून वर बघत, तिला शब्द शोधायला लागतो तेवढा वेळ ती आईला देत राहिली. ह्या वेळची मोकळी जागा मावशीची होती आणि छटाक तिच्यात काहीही टाकत नव्हती. पडद्यामागे सहाची वेळ व्हायच्या आतच कुणीतरी पंप सुरू केला.

"मला वाटलं होतं, तू जगणार नाहीस," मावशी म्हणाली. "आजीला नाही, बाबांना नाही. मला."